हुलकावणीचा हिशेब

भाद्रपद सरत आला होता. कामशेतजवळच्या एका मैदानावर शाळकरी मुलांचा फुटबॉलचा सराव चालू होता. कडेच्या खाचरांत भात पोटरीला आलेले, मैदानाचा एक कोपरा अजून चिखलात. उजव्या कडेने खेळणारा एक बारीकसा मुलगा चेंडू घेऊन निघाला. पहिल्याला त्याने खांदा पाडून चकवले. दुसरा आडवा आला, पलीकडून तिसराही धावत आला, आणि त्या दोघांच्या पायांत अडकून चेंडू बाहेर गेला. प्रशिक्षकांनी शिट्टी वाजवली आणि हातातल्या वहीत फुली मारली.

"सर, दोघं आले ना माझ्यावर," मुलगा कुरकुरला.

"आले तर आले. चेंडू गेला ना?"

सराव पुढे सुरू झाला. माझ्या डोक्यात मात्र ती फुली राहिली. एका माणसाला चकवले याची त्या वहीत नोंद नव्हती. दोघे त्याच्यावर धावून आले तेव्हा डाव्या बाजूचा मुलगा पूर्ण मोकळा होता, याचीही नव्हती. नोंद होती ती फक्त शेवटाची. हंगाम संपताना संघ निवडला जाईल तेव्हा या फुल्या मोजल्या जातील. युरोपातल्या बड्या क्लबांकडे वहीच्या जागी कॅमेरे आणि संगणक आहेत, पण तिथेही प्रश्न हाच आहे. चेंडू पायाशी ठेवून प्रतिस्पर्ध्याला चकवण्याच्या या कृतीचा उपयोग किती, आणि तो मोजायचा कसा? या लेखात त्याचा विचार करायचा आहे. उत्तराचा बराचसा भाग आपल्याच मातीतल्या एका खेळात सापडतो, असे मला वाटते.

एक कृती की दोन?

ज्याला जग ड्रिबलिंग म्हणते त्याला मराठीत एकच असा शब्द रुळलेला नाही. क्रीडावार्ताहर कधी 'चेंडू खेळवत नेला' लिहितात, कधी 'हुलकावणी दिली', कधी 'झुकांडी दिली'. ही भाषेची उणीव वाटेल, पण इथे ती कामाची आहे. चेंडू खेळवत नेणे हे चेंडूबद्दल आणि जागेबद्दल बोलते; समोर कोणी नसले तरी ते घडते. हुलकावणी मात्र माणसाला द्यावी लागते. समोर प्रतिस्पर्धी नसेल तर हुलकावणी नाही. इंग्रजीतल्या एका शब्दाखाली या दोन्ही गोष्टी राहिल्या आणि मोजणी सुरू झाली तेव्हा त्या वेगळ्या कराव्या लागल्या. आज आकडेवारी गोळा करणाऱ्या कंपन्या चेंडू नेण्याला 'कॅरी' आणि माणसाला चकवण्याच्या प्रयत्नाला 'टेक-ऑन' किंवा 'ड्रिबल' म्हणतात.

या घोटाळ्याला इतिहास आहे. १८६३ साली इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने पहिले नियम केले, तेव्हा चेंडूच्या पुढे असलेला सहकारी ऑफसाइड धरला जाई. चेंडू पुढे देण्याची सोयच नव्हती. एकाने चेंडू पायाशी घेऊन मुसंडी मारायची आणि बाकीच्यांनी मागून धावायचे, हाच खेळ होता. १८६६ साली नियम सैल झाला. पुढच्या सहकाऱ्याच्या आणि गोलच्या मध्ये तीन प्रतिस्पर्धी असले तर पास देता येऊ लागला. ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगोत इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. इंग्रजांचा भर चेंडू घेऊन धावण्यावर, स्कॉटिशांचा एकमेकांना चेंडू देण्यावर. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला, पण पुढच्या काळात पासाचा खेळ रुजला. हुलकावणी तेव्हापासून एकमेव साधन न राहता अनेकांतले एक साधन झाली. म्हणून तिच्या उपयोगाचा प्रश्न नेहमी तुलनेचा असतो: त्या क्षणी पास दिला असता तर काय झाले असते, त्यापेक्षा हे बरे होते का?

बरोबर आणि फुली

ओप्टा या कंपनीच्या व्याख्येनुसार, चेंडू ताब्यात असताना खेळाडूने प्रतिस्पर्ध्याला मागे टाकण्याचा प्रयत्न केला की एक टेक-ऑन होतो. प्रतिस्पर्धी मागे पडला आणि चेंडू ताब्यात राहिला तर तो यशस्वी; चेंडू हिरावला गेला तर अयशस्वी. स्टॅट्सबॉम्ब ही दुसरी कंपनीही साधारण याच धर्तीवर नोंद करते आणि चकवल्या गेलेल्या बचावपटूच्या नावावर वेगळी नोंद टाकते. मग यशस्वींना एकूण प्रयत्नांनी भागले की टक्केवारी मिळते. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर सामन्यानंतर दिसते ती ही.

व्याख्या स्पष्ट आहे आणि दोन वेगवेगळ्या माणसांनी नोंद केली तरी ती बरीचशी जुळते, हा तिचा गुण. दोष असा की यश तिने एका क्षणापुरते बांधून टाकले. स्वतःच्या अर्ध्या भागात, कडेच्या रेषेजवळ, कोणी आडव्या दिशेने एकाला चकवले, पुढे वाट सापडली नाही म्हणून मागे पास दिला, तर तो टेक-ऑन यशस्वी. उलट एखादा खेळाडू चेंडू पायाशी ठेवून दोन बचावपटूंना आपल्याकडे ओढतो, त्यांना चकवायचा प्रयत्नच करत नाही, आणि ते जवळ आले की मोकळ्या झालेल्या सहकाऱ्याकडे चेंडू सरकवतो. त्याच्या नावावर टेक-ऑन नाहीच, मग यशस्वी-अयशस्वीची बात दूर. कामशेतच्या त्या मुलाच्या नावावर ओप्टाने निदान एक बरोबर आणि एक फुली टाकली असती. आमच्या वहीपेक्षा ते न्याय्य, पण मोकळा झालेला डावीकडचा मुलगा त्यांच्याही नोंदीत नसता.

छेदात काय ठेवायचे हा प्रश्न फुटबॉलच्या मोजणीत जुनाच आहे. इंग्लंडच्या हवाई दलातले हिशेबनीस चार्ल्स रीप यांनी १८ मार्च १९५० रोजी स्विंडनच्या मैदानावर वही-पेन्सिल घेऊन चढायांची नोंद करायला सुरुवात केली आणि पुढे अनेक वर्षे ती चालू ठेवली. १९६८ साली त्यांचा आणि बर्नार्ड बेंजामिन यांचा निबंध रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. बहुतेक गोल तीन किंवा कमी पासांच्या चढायांतून होतात, असे रीप यांना आढळले आणि त्यावरून लांब फटक्यांच्या खेळाचा पुरस्कार झाला. टीकाकारांनी नंतर दाखवले की मुळात बहुतेक चढायाच तीन किंवा कमी पासांच्या असतात; गोल त्यांतून जास्त होणारच. मोजणी प्रामाणिक होती, पण तिला विचारलेला प्रश्न चुकला होता, आणि त्या चुकीवर खेळाडूंच्या पिढ्या घडवल्या गेल्या. टक्केवारीच्या मोहातून हुलकावणीचे असेच होऊ शकते.

चाळीस टक्के आणि ऐंशी टक्के

एक हिशेब मांडून पाहू. यातले आकडे मोजलेले नाहीत, समजुतीसाठी धरलेले आहेत.

समजा, एक खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलजवळ उजव्या कडेला उभा आहे. तिथून साधा पास देत खेळले तर गोल होण्याची शक्यता शंभरात २. समोरच्याला चकवले तर ती ८ होते. चेंडू गमावला तर आपल्यावर गोल होण्याची शक्यता शंभरात १, कारण आपला गोल खूप लांब आहे. हा खेळाडू शंभरांतले ४० प्रयत्न साधतो. तर त्याच्या एका प्रयत्नाचे मोल ८ चे ४० टक्के म्हणजे ३.२, त्यातून १ चे ६० टक्के म्हणजे ०.६ वजा. राहिले २.६. साध्या पासाचे मोल २ होते. म्हणजे दहांतून सहा वेळा चेंडू गमावणारा हा खेळाडू संघाला फायद्याचा आहे.

आता दुसरा खेळाडू आपल्याच गोलसमोर आहे. साध्या पासाचे मोल १. समोरच्याला चकवले तर २. गमावला तर आपल्यावर गोल होण्याची शक्यता ६. हा खेळाडू ८० टक्के प्रयत्न साधतो. हिशेब: २ चे ८० टक्के १.६, वजा ६ चे २० टक्के १.२. उरले ०.४, म्हणजे साध्या पासाहून कमी. ऐंशी टक्के यश मिळवूनही याची हुलकावणी तोट्याची.

पडद्यावरच्या टक्केवारीत दुसरा पहिल्याच्या दुप्पट चांगला दिसेल. वहीतल्या फुल्याही तेच सांगतील.

रिकामी चढाई

हा विचार मावळातल्या माणसाला नवा वाटू नये. फुटबॉल इथे कमी खेळला जातो. कबड्डी गावोगाव आहे. आणि कबड्डीतली चढाई म्हणजे चेंडूविना केलेली हुलकावणीच आहे. एकटा गडी समोरच्या सातांच्या अंगणात शिरतो, कमरेतून झुकतो, एका कोपऱ्याकडे पाहून दुसरीकडे पाय टाकतो आणि परत येतो. फरक असा की कबड्डीने या कृतीचा हिशेब फार पूर्वीपासून नीट मांडला आहे.

पुरुषांचे मैदान १३ मीटर बाय १० मीटर. मध्यरेषेपासून निदानरेषा ३.७५ मीटरवर, ती ओलांडली नाही आणि कोणाला स्पर्शही केला नाही तर चढाई करणाराच बाद. त्यापुढे १ मीटरवर बोनस रेषा. समोर सहा किंवा सात बचावपटू असतील तरच तिचा गुण मिळतो. म्हणजे जागेला किंमत आहे आणि समोर किती जण आहेत यालाही. पूर्ण संघ बाद केला तर लोणाचे २ गुण वेगळे. प्रो कबड्डीत तीन किंवा कमी बचावपटूंनी पकड साधली तर त्यांना एक गुण जादा, म्हणजे जोखमीलाही किंमत आहे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कबड्डीत चढाईला दोन नव्हे, तीन निकाल आहेत: यशस्वी, अयशस्वी आणि रिकामी. रिकाम्या चढाईत गुण मिळत नाही, पण गडीही जात नाही. शेवटच्या मिनिटांत आघाडीवर असलेल्या संघाला ती सोन्यासारखी. पिछाडीवर असलेल्याला वेळेचा अपव्यय. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली त्यात सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवलाच पाहिजे, नाहीतर चढाई करणारा बाद, असा नियम राहिला. या नियमाने रिकाम्या चढाईची किंमत बदलली. तीच हालचाल, तोच गडी, पण पहिल्या चढाईत तिचा अर्थ एक आणि तिसऱ्यात दुसरा. पकडी करणारेही त्यानुसार पुढे सरकतात किंवा मागे थांबतात.

फुटबॉलच्या आकडेवारीत 'रिकामी' हा रकानाच नाही. वर सांगितलेली, एकाला चकवून मागे पास देण्यात संपलेली हुलकावणी कबड्डीच्या भाषेत रिकामी आहे. फुटबॉलची नोंद तिला यशस्वी म्हणते.

अर्थात कबड्डीचा हिशेब उचलून फुटबॉलला लावता येणार नाही. चढाईला सुरुवात आणि शेवट आहे, ३० सेकंदांचे बंधन आहे, निकाल पंच जाहीर करतात. फुटबॉलमध्ये १०५ मीटर बाय ६८ मीटरच्या मैदानात हुलकावणी कुठे सुरू झाली आणि तिचा परिणाम कुठे संपला, हे ठरवावे लागते. प्रदीप नरवालने २०१७ साली एका सामन्यात चढायांचे ३४ गुण मिळवले, हे वाक्य वादातीत आहे. गॅरिंचाने १९६२ च्या विश्वचषकात ब्राझीलला किती दिले, पेले जखमी होऊन बाहेर बसल्यावर संघ कोणाच्या पायांवर उभा राहिला, हे पाहणाऱ्याला कळते. पण असे एका आकड्यात सांगता येत नाही.

चौकटी आणि शक्यता

गेल्या दशकात अभ्यासकांनी ही त्रुटी भरून काढायचा प्रयत्न केला. करुण सिंग यांनी मांडलेल्या 'अपेक्षित धोका' या पद्धतीत मैदान १६ बाय १२, म्हणजे १९२ चौकटींत वाटले जाते. प्रत्येक चौकटीत चेंडू असताना पुढे लवकरच गोल होण्याची शक्यता आधीच्या असंख्य सामन्यांवरून काढली जाते. चेंडू एका चौकटीतून दुसरीत नेला की दोन्हींच्या किमतीतला फरक नेणाऱ्याच्या खात्यावर. मधल्या वर्तुळात आडवे धावणाऱ्याला जवळजवळ काही मिळत नाही. कडेवरून गोलच्या चौकटीकडे शिरणाऱ्याला भरघोस मिळते.

बेल्जियममधल्या ल्यूवेन विद्यापीठातल्या टॉम डेक्रूस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली एक पाऊल पुढे टाकले. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक कृतीला दोन बाजूंनी तोलतात: तिच्यामुळे आपला गोल होण्याची शक्यता किती वाढली आणि आपल्यावर गोल होण्याची किती. गमावलेल्या हुलकावणीची शिक्षा ती कुठे गमावली यावर ठरते. माझा वरचा हिशेब याच विचाराची बाळबोध आवृत्ती आहे.

या पद्धती टक्केवारीपेक्षा नक्कीच सरस आहेत. तरी त्या मुख्यतः चेंडूच्या मागे जातात. चेंडू नसलेले एकवीस खेळाडू त्या वेळी कुठे होते, हे त्यांच्या मूळ नोंदीत येत नाही. हुलकावणीचा मोठा परिणाम तर तिथेच घडतो.

दाब

इथे लोणावळ्यातल्याच एका मोजणीची आठवण होते. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली इथे कैवल्यधामची स्थापना केली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. तरुणपणी बडोद्यात राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली त्यांनी देशी व्यायामाचे धडे घेतले होते. योगक्रियांकडे त्यांनी प्रयोगशाळेच्या नजरेने पाहिले. नौली करताना पोटाचे स्नायू एकवटून लाटेसारखे फिरतात. पाहणाऱ्याची नजर तिथेच खिळते. कुवलयानंदांनी दाबमापक लावून आत काय होते ते पाहिले आणि नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो हे दाखवले. बस्तीत पाणी आत कसे ओढले जाते याचा खुलासा त्यातून झाला. स्नायू किती वेळा फिरले हे मोजले असते, तर तो खुलासा मिळाला नसता.

हुलकावणीचेही असेच आहे. आपण पायांची लाट मोजतो आहोत. मोजायला हवा तो मैदानातला दाब. एक चकवणारा खेळाडू चेंडू घेऊन उभा राहिला की त्याच्याभोवती बचावाची दाटी होते आणि दुसरीकडे ती विरळ होते. गॅरिंचा उजवीकडूनच बाहेर निघणार हे समोरच्याला ठाऊक असे, तरी एकट्याने थांबवता येत नसल्याने मदतीला दुसरा बोलवावा लागे. त्या दुसऱ्याने सोडलेली जागा हीच कमाई. ती हुलकावणी फसली तरी झालेली असते, आणि कधी हुलकावणी न देताही होते.

बड्या स्पर्धांत आता प्रत्येक खेळाडूची जागा कॅमेरे सेकंदाला अनेकदा टिपतात, त्यामुळे हा दाब मोजण्याची वाट खुली झाली आहे. पण त्यासाठी कशाला मोजायचे आहे हे आधी ठरावे लागते. माझ्या मते प्रभावी हुलकावणीची व्याख्या अशी असावी: चेंडू पायाशी ठेवून केलेली अशी कृती, जिच्यामुळे प्रतिस्पर्ध्यांची मांडणी आपल्या संघाच्या फायद्याची बदलते, आणि तो फायदा त्याच क्षणी उपलब्ध असलेल्या साध्या पर्यायापेक्षा, गमावण्याची जोखीम धरूनही, जास्त असतो. समोरच्याला मागे टाकणे हा तिचा एक मार्ग झाला, पण तेवढ्यावर व्याख्या संपत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. असा मोठा हिशेब झाला की वाटेल त्या फसलेल्या धावेला 'जागा मोकळी केली' म्हणून पाठीशी घालता येईल. म्हणूनच मोकळी जागा झाली का, आणि ती सहकाऱ्याला वापरता येण्याजोगी होती का, हे दोन्ही तपासायला हवे. चेंडू गमावल्यावर मोकळा झालेला सहकारी काही कामाचा नाही. तो चेंडू गमावण्याआधी दिसायला हवा होता. कामशेतच्या मुलाची खरी चूक तीच होती. तो दोघांवर गेला यात नव्हे, दोघे आल्यावर मान वर केली नाही यात. वहीतल्या फुलीने त्याला हे सांगितले नाही. तिने सांगितले, "पुन्हा असे करू नकोस."

कोणाला ठेवायचे

हा वाद आकडेशास्त्राच्या खोलीत राहिला असता तर फार बिघडले नसते. पण मोजमाप निवड ठरवते. कोल्हापुरात पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम अशा नावांचे संघ पिढ्यान्‌पिढ्या फुटबॉल खेळतात. तालमीच्या संस्कारातून आलेला तिथला प्रेक्षक झुकांडीला दाद देतो. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात देशाकडून खेळला. जिथे चकवणाऱ्याला दाद मिळते तिथे मुले चकवायला धजतात. जिथे प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाला फुली मिळते, तिथे शहाणी मुले लवकरच प्रयत्न थांबवतात आणि त्यांची टक्केवारी सुधारते. वहीला वाटते, खेळ सुधारला.

कॅमेऱ्यांची गरज नाही. कबड्डीच्या गावस्पर्धेत गुणलेखक टेबलाशी बसून पेन्सिलीने जे करतो, तेवढे पुरे. प्रत्येक हुलकावणीपुढे तीन गोष्टी लिहायच्या: कुठे केली, किती जण अंगावर आले, आणि त्यानंतर चेंडू कोणाकडे गेला. निकालासाठी बरोबर आणि फुलीच्या जोडीला रिकामीची एक खूण.

दिवस कलताना सराव संपला. मी प्रशिक्षकांशी बोललो. त्यांना रकाने वाढवायची कल्पना पटली, पण एकट्याने शिट्टी आणि पेन्सिल दोन्ही सांभाळायची कशी, असे त्यांनी विचारले. त्यांची अडचण खरी होती. मग बाहेर बसलेल्या राखीव मुलांकडून नोंद करून घ्यायचे ठरले. त्यात आणखी एक फायदा निघाला: कोण मोकळे झाले हे लिहिण्यासाठी त्या मुलांना चेंडूवरची नजर काढून मैदान पाहावे लागेल.